साडूभाऊंचं जपानी विमान

दुकानातून आणलेली वस्तू आहे तशी वापरायची, हे पाप माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकदाही केलेलं नाही. बर्फ लोटायच्या फावड्याला त्यांनी मधोमध दुसरी मूठ बसवली, त्यामुळे कंबर वाचली आणि फावडं कुणालाच उचलता येईना. भरताची वांगी बार्बेक्यूवर आपोआप फिरावीत म्हणून जुन्या प्रिंटरची मोटर लावली. पहिल्याच रविवारी त्या मोटरने एक अख्खं भाजलेलं वांगं शेजाऱ्याच्या अंगणात टाकलं, आणि साडूभाऊंनी धावत जाऊन आधी ते किती लांब पडलं ते मोजलं, मग माफी मागितली. सगळ्यात जास्त प्रेम त्यांचं सरळ रेषेवर. खिशात बोटाएवढी पाणसळ असायची. कुणाच्याही घरी गेले की पाणी यायच्या आत भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून झालेल्या असायच्या. ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात टेबल डुगडुगलं तर नॅपकिनची घडी पायाखाली जायची, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबालाही ‘एक मिनिट पाय वर घ्या’ अशी विनंती व्हायची. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची मोठी, म्हणून आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. लग्नाआधी मला पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभं केलं तेव्हा त्यांनी मान तिरकी करून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ताईला म्हणाले, “मुलगा बरा आहे. उजवा खांदा जरा खाली आहे.” तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांच्यासमोर गेलो की उजवा खांदा आपोआप वर जातो.

हे सगळं मी हसत हसत लिहिलं, कारण ते सोपं आहे. अवघड ते पुढे आहे. मी कमी बोलणारा माणूस. आमच्या घरी याचं कौतुक होतं, सासरी तर फारच. ‘जावई कसे, एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत.’ मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही आणि त्यापायी एक सहा वर्षांची मुलगी कित्येक शनिवार कशी घरी परतली, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

साडूभाऊ मूळचे नागपूरचे. कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आले, पिस्कॅटवे गावात घर घेतलं, पूल आणि खांबांच्या नकाशांवर आयुष्य काढलं आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं क्रूझवर जातात. साडूभाऊ लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलला गेले आणि विमानांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यातल्या एका पानावर त्यांचा जीव जडला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं जपानी आरमाराचं टेहळणी विमान, पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं. ‘रो-गो’ असं त्याचं नाव. ताईला ते नाव ‘रोग’ असंच ऐकू आलं, आणि शेवटपर्यंत तिने ते बदललं नाही. एकावर एक असे दोन पंख, मध्ये काड्यांचा आणि तारांचा पिंजरा, पोटाखाली चाकांऐवजी दोन लांबट होडकी, शेपटीखाली आणखी एक छोटं होडकं, आणि एकामागे एक अशा दोन उघड्या जागा. पंख पक्ष्यासारखे मागे मिटायचे. आधी जपानी लोक परदेशी विमानांवर विसंबून असायचे आणि हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढलं, हे सांगताना साडूभाऊंची छाती अशी फुगायची की जणू टोकियोत त्यांचा चुलतभाऊ होता.

“पण आपला काय संबंध?” माझ्या बायकोने विचारलं होतं. “भाऊजी, आपलं एखादं करा ना. आणि युद्धाचं कशाला?”

“हे लढाईचं नाही. हे बघायला जायचं. चार कामं याला. जायचं, बघायचं, परत यायचं, सांगायचं. चौथं केलं नाही तर पहिली तीन फुकट.”

मी कुठेतरी वाचलं होतं की याच्या खाली छोटे बॉम्बही अडकवायचे. तसं म्हणालो. साडूभाऊंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या मुलीबद्दलच काही बोललो होतो. “ते मागाहून कुणीतरी चिकटवलं असेल,” म्हणाले, आणि तो विषय बंद झाला.

मग गॅरेजमधून गाड्या बाहेर गेल्या आणि विमान आत आलं. रिमोटवर उडणारं, पण खेळणं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती; पंख उघडले की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं. लाकडाच्या काड्या, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर लेप. पंख मिटवायची मूळची युक्ती साडूभाऊंनी जशीच्या तशी उतरवली, आणि त्यामुळेच ते मिनीव्हॅनमध्ये मावायचं. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या जपानी माणसाला आपल्या मिनीव्हॅनची आधीच कल्पना होती असं त्यांचं मत होतं. मी जवळच्या एडिसनहून दर रविवारी जायचो. काडी धरायला. वीस-एक वर्षांच्या नात्यात त्यांनी मला पहिल्यांदाच काही धरायला दिलं होतं.

त्यांच्यात काहीतरी बदललंय, हे मला फार हळू कळलं. ते बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या कानाच्या जरा पलीकडे बघायचे, जसं माझ्या शेजारी माझ्याहून महत्त्वाचं कुणीतरी उभं आहे. मला वाटलं, वयाबरोबर आलेली ऐट. चहाचा कप ठेवताना आधी बोटाने टेबलाची कड चाचपायचे. मला वाटलं, पाणसळीचा पुढचा अवतार. मग उन्हाळ्यातल्या एका रविवारी ते वरच्या-खालच्या पंखांमधली एक काडी हातात घेऊन बसले होते आणि घासत होते. “वाकडी आहे,” म्हणाले. मी बघितली. काडी सरळ होती, बाणासारखी. त्यांनी घासली, डोळ्यासमोर धरली, मान तिरकी केली, परत घासली. “अजून मध्ये पोट आहे हिला.” जगातल्या सगळ्या तसबिरी सरळ करणारा तो माणूस माझ्यासमोर एक सरळ काडी तासभर घासत बसला, ती खरोखर वाकडी होईपर्यंत. मग डोळ्यासमोर धरून म्हणाले, “हां. आता झाली.”

माझ्या एका मावशीचे डोळे असेच गेले होते. बरोबर मधलं दिसेनासं होतं, कडेचं दिसत राहतं, सरळ रेघा लाटांसारख्या दिसतात. मला त्या क्षणी सगळं समजलं. कानापलीकडची नजर, टेबलाची कड, सगळं. मी काय केलं? घरी गेलो, तसल्याच लाकडाची नवी काडी बनवली, पुढच्या रविवारी ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा वाकडी काढून सरळ बसवली, आणि गप्प राहिलो. मला त्यात चांगुलपणा वाटला होता. मोठा माणूस, त्याचा मान, वगैरे.

त्यानंतर त्यांनी मला निरीक्षक नेमलं. असली विमानं उडवताना चालवणाऱ्याच्या शेजारी एक माणूस उभा असतो. तो आजूबाजूचं बघून सांगतो, कुणी मध्ये येतंय का, वारा फिरला का. साडूभाऊ म्हणाले, “मूळ विमानातही दोन माणसं होती. एक चालवणार, एक बघणार. तू बघणार.” सरावाला त्यांनी एक छोटं तयार विमान आणलं होतं, त्यालाही अर्थातच दोन होडकी स्वतः बसवली होती. आम्ही जवळच्या पार्कमधल्या तळ्यावर जायला लागलो. तिथे पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. विमान आपल्याकडे तोंड करून येत असलं की त्याचं डावं आपलं उजवं होतं, आणि मी ‘डावीकडे’ म्हटलं की कुणाचं डावं यावर हवेत वाद. शेवटी साडूभाऊंनीच तोडगा काढला. तळ्याच्या काठावर डाव्या हाताला मोठ्या मेपलखाली ताई चटई टाकून डबा घेऊन बसायची. उजव्या हाताला ‘पक्ष्यांना खायला घालू नका’ अशी पाटी होती. म्हणून डावीकडे म्हणजे ‘डब्याकडे’ आणि उजवीकडे म्हणजे ‘पाटीकडे’. काठावरून फिरायला जाणारे लोक थांबून बघायचे. दोन प्रौढ माणसं, एकाच्या हातात रिमोट, दुसरा ओरडतोय, “डब्याकडे! जरा डब्याकडे! पुरे, आता पाटीकडे!”

मी सांगायचो आणि ते वळवायचे. इतकं अचूक, की ताईला कधी शंका आली नाही. मला मात्र दर वेळी कळायचं की ते आकाशाकडे तोंड करून माझा आवाज ऐकतायत. ते विमान बघत नव्हते. मी बघत होतो. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. ज्यांनी माझा खांदा नापास केला होता, त्यांचे डोळे मी झालो होतो.

इथपर्यंत माफ करता येईल. पुढचं नाही. त्यांची नात ईरा, सहा वर्षांची, दर शनिवारी सकाळी मराठी शाळेला जायची. तिची आई, म्हणजे साडूभाऊंची मुलगी, हॉस्पिटलात कामाला असल्यामुळे पोचवायला आणि आणायला आजोबाच. ऑगस्ट संपत आला असताना ईरा एकदा आमच्याकडे होती आणि मी तिला गाडीतून आइस्क्रीमला नेत होतो. सिग्नलला थांबलो. मागच्या सीटवरून एकदम आवाज आला, “रेड! वेट. वेट... ग्रीन! गो!”

मी हसलो. म्हटलं, “हे काय गं?”

“इट्स अ गेम. आय डू इट फॉर आजोबा. आय अ‍ॅम हिज स्पॉटर.” स्पॉटर म्हणजे निरीक्षक, माझंच पद. मग जरा विचार करून, मराठी शाळेतल्या मराठीत, “आजोबा म्हणतात, मी खूप छान बघते.”

मला सिग्नलच्या पुढचं काही आठवत नाही. आइस्क्रीम घेतलं असणार. त्या दुपारी मी पिस्कॅटवेला गेलो. साडूभाऊ गॅरेजमध्ये बसून होडक्यांना शेवटचा रंग देत होते, ब्रश एका हातात आणि दुसऱ्या हाताचं बोट कडेवरून सरकवत. मी म्हणालो, “ईरा सिग्नल छान सांगते.”

त्यांचं बोट थांबलं. “रस्ता मला पाठ आहे,” म्हणाले. मग बोट पुन्हा सरकायला लागलं. “हे एकदा उडू दे. मग बघू.”

आणि मी, कमी बोलणारा माणूस, “बरं” म्हणालो. ‘बरं’ इतका छोटा शब्द आहे की बोलल्यासारखंही वाटत नाही. मध्ये किती शनिवार गेले ते मी मोजायचं टाळतो. दर शनिवारी सकाळी मी काही ना काही निमित्त काढून फोन करायचो, ‘ईरा पोचली का,’ आणि ताई म्हणायची, “काय हो, आजकाल फार काळजी तिची तुम्हाला!” एकदा तिने कौतुकाने माझ्या बायकोला सांगितलंसुद्धा.

विमानाचं पहिलं उड्डाण सप्टेंबरातल्या एका रविवारी ठरलं. पार्कवाल्यांची परवानगी काढली होती. सकाळ अशी शांत, की साडूभाऊ गाडीतून उतरल्याबरोबर गालावर वारा शोधू लागले आणि तो नाही म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या. “पाणी कसं आहे?”

“आरशासारखं.”

“तेच नको होतं. आरशासारख्या पाण्यात पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नाही. चांगले चांगले वैमानिक अशा पाण्यात बुडालेत. लहर पाहिजे.” मग माझ्या बायकोकडे वळून, “तू पाटीपाशी उभी राहा. मी सांगितलं की पाण्यात दगड टाकायचे. चांगले मोठे.”

“भाऊजी, मी एमबीए केलंय,” बायको म्हणाली, पण दगड गोळा करायला गेली.

ताईने विमानाला हळद-कुंकू लावलं. नारळ फोडायचा होता, पण होडक्याजवळ नारळ आणू द्यायला साडूभाऊ तयार होईनात, तेव्हा तो मेपलच्या मुळावर फुटला. आम्ही पंख उघडले, खिळी बसवल्या, गुडघाभर पाण्यात जाऊन विमान सोडलं. त्या शांत पाण्यावर, खाली दुसरं उलटं विमान घेऊन ते उभं राहिलं तेव्हा मीसुद्धा क्षणभर सगळं विसरलो. साडूभाऊ माझ्या डाव्या कानाकडे बघत म्हणाले, “कसं दिसतंय?”

“छान.”

“छान हे निरीक्षण नाही. पंख सपाट आहेत का?”

“सपाट आहेत.”

“मग तसं सांग.”

मोटर फिरली. होडक्यांनी आधी पाणी नांगरलं, मग हळूहळू पाण्यावर चढली, मग नुसत्या दोन रेघा राहिल्या आणि मग रेघाही संपल्या. ताई टाळ्या वाजवायला लागली. साडूभाऊंचा चेहरा तसाच, कान माझ्याकडे.

“उंची?”

“झाडांच्या वर.”

“किती वर?”

“एक झाड अजून ठेवलं तर तेवढं.”

“हं. आता डबा की पाटी?”

“पाटीकडे घ्या. हळू. अजून. पुरे.”

तळ्यावरून एक मोठा फेरा झाला, मग दुसरा. तारा उन्हात चमकत होत्या. दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटी साडूभाऊ म्हणाले, “उतरवू या. दगड!” बायकोने दगड टाकायला सुरुवात केली. आणि इथे आम्ही कुणीच विचार न केलेली गोष्ट घडली. पाण्यात धपाधप काहीतरी पडतंय म्हटल्यावर पलीकडच्या काठावरचे सगळे गीझ, म्हणजे रानहंस, पाटी असो वा नसो, कुणीतरी खायला घालतंय या खात्रीने पोहत निघाले. पाण्यात काही मिळालं नाही तेव्हा काठावर चढले. आणि काठावर ताईची चटई होती, चटईवर डबा आणि डब्यात पुऱ्या. ताई गीझला घाबरते. तिने डबा छातीशी धरला, ओरडत उठली आणि आमच्या पाठीमागून पळत जाऊन उजवीकडे पाटीपाशी, माझ्या बायकोच्या मागे उभी राहिली. चटई गीझनी ताब्यात घेतली.

हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. विमान आमच्याकडे येत होतं, आता खाली, झाडांच्या शेंड्यांएवढं. आणि त्याच वेळी डाव्या बाजूच्या लव्हाळ्यातून एक पिवळी होडी बाहेर आली. वल्हं मारणारा एक माणूस, आणि पुढे लाइफ जॅकेट घातलेलं एक अगदी लहान मूल. विमान त्यांच्या बाजूला झुकत होतं. ते उजवीकडे न्यायला हवं होतं. उजवीकडे बघितलं तर केशरी कुडत्यातली ताई, डबा कवटाळून. आणि माझ्या तोंडून निघालं, “डब्याकडे! डब्याकडे घ्या, पटकन!”

साडूभाऊंनी घेतलं. लगेच, न चुकता, डब्याकडे. त्यांच्या डोक्यातल्या डब्याकडे. मेपलखालच्या. विमान आणखी डावीकडे कललं आणि सरळ त्या पिवळ्या होडीवर निघालं.

“अहो!” पाटीपाशी ताई किंचाळली. “डबा इकडे आहे! मी इकडे आहे! एवढी मी दिसत नाही का तुम्हाला?”

“पाटीकडे!” मी ओरडलो. “पाटीकडे, वर, वर घ्या! ताई, त्यांना दिसत नाही. विमान दिसत नाही, तुम्ही दिसत नाही, समोरचं काहीच दिसत नाही त्यांना!”

होडीतल्या माणसाने वल्हं टाकून मुलावर अंग घातलं. विमानाचं शेपटीखालचं होडकं त्याच्या पाठीवरून गेलं, किती वरून ते मला सांगता येणार नाही. त्या क्षणी मी डोळे मिटले होते. निरीक्षकाने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा विमान वर चढत होतं आणि ते मूल हसत बोट दाखवत होतं.

काठावर गीझ चटईवर भांडत होते. साडूभाऊंचे हात रिमोटवर स्थिर होते. “होतं कोण तिथे?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“एक माणूस. लहान मूल.”

“लागलं?”

“नाही.”

ते म्हणाले, “मला हे खाली आणायचंय. बोल. आता बोलायचं थांबू नकोस.”

मी बोललो. आयुष्यात इतकं सलग कधी बोललो नसेन. उजवीकडे, सरळ, पंख सपाट, दोन माणसांएवढी उंची, एका माणसाएवढी, होडी लांब आहे, बायकोचा दगड पडला, लहर आहे, गुडघ्याएवढं, नाक जरा वर, अजून जरा, आता. पाण्याचे दोन पडदे उडाले, विमान एकदा उसळलं, एक पंख पाण्याला टेकून परत वर आला आणि ते उभं राहिलं, खाली आपलं उलटं विमान घेऊन. होडीतला माणूस काठाला लागला आणि मला जे काही बोलला ते मी मान खाली घालून ऐकलं. ते बरोबरच होतं.

गाडीपाशी ताईने हात पुढे केला. “किल्ली.” साडूभाऊंनी दिली. तेव्हा मी सगळ्यात अवघड वाक्य बोललो. “ताई, शनिवारी गाडीत सिग्नल ईरा सांगते त्यांना. त्या भरवशावर ते चालवतात.”

ताई मिनीव्हॅनच्या उघड्या मागच्या दारात बसली. डबा तिने मांडीवर घेतला. “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“डोळ्यांचं उन्हाळ्यापासून. ईराचं ऑगस्टपासून.”

“आणि तुम्ही गप्प बसलात. माझ्या घरी येऊन जेवलात, ईरा पोचली का म्हणून फोन केलेत, आणि गप्प बसलात.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही?”

साडूभाऊ माझ्या कानापलीकडे बघत होते. ते बोलले ते माझ्याशीच. “तू ती काडी बदललीस ना, त्याच दिवशी माझ्या बोटांना कळलं. माझ्या हातची नव्हती ती. म्हणजे तुला समजलंय. आणि तू काही बोलला नाहीस. म्हणून निरीक्षक तुला केला. दुसरा कुणी असता तर बोलला असता.”

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. माझ्यावर ठेवलेल्या विश्वासाची ती पावती होती, आणि त्या पावतीइतकं मला कशानेच जाळलं नाही.

नंतर डॉक्टरांना दाखवून झालं, इंजेक्शनं सुरू झाली. आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही असं सांगण्यात आलं. मुलीने बापाशी बोलणं बंद केलं, मग सुरू केलं. ताईने माझ्याशी बोलणं सुरू केलं, पण जरा उशिरा आणि जरा कमी. साडूभाऊंनी मला फोन केला नाही. विमान पंख मिटून गॅरेजच्या छताला टांगलं गेलं. मी रविवारी एडिसनला घरी बसायचो आणि हातात धरायला काही नसायचं.

ऑक्टोबरात एके दिवशी फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही. “शनिवारी ईराला शाळेत तू ने. मी पुढे बसेन. तुझी ताई डबा देईल, तो मी धरेन.”

गेलो. ईरा मागे बसली, साडूभाऊ माझ्या उजव्या हाताला, मांडीवर डबा. गाडी रस्त्याला लागली आणि ते म्हणाले, “काय दिसतंय?”

“रस्ता.”

“रस्ता असतोच. त्याच्याशिवाय?”

मी सांगू लागलो. एका घरासमोर भोपळे मांडलेत, त्यातला एक सडलाय. शाळेची पिवळी बस गॅस स्टेशनवर उभी आहे, आत कुणी नाही. एका दारातली तसबीर, म्हणजे पाटी, वाकडी लटकतेय. “कुठल्या बाजूला वाकडी?” “उजवी बाजू खाली.” “तुझ्या खांद्यासारखी,” ते म्हणाले, आणि माझा उजवा खांदा स्टिअरिंगवर आपोआप वर गेला.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. मी थांबलो आणि मागून आवाजाची वाट पाहिली. आला नाही. आरशात पाहिलं. ईरा काचेला नाक लावून आभाळाकडे बघत होती, तोंड उघडं, सिग्नल कुठल्या रंगाचा आहे याची तिला काहीही पर्वा नव्हती.

“काय बघतेय ती?” साडूभाऊंनी विचारलं.

“पक्षी असावेत.”

“असावेत नको. नीट बघ आणि सांग.”

मी वाकून काचेतून वर पाहिलं. “गीझ आहेत. दोन रांगा, पुढे टोक. एक मागे पडलाय, तो जोरात पंख मारतोय.”

“कुठे चाललेत?”

“डब्याकडे,” मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरच्या डब्यावर हात ठेवला, आणि चेहरा उजवीकडच्या काचेकडे वळवून वर बघू लागले.